मदत हवी आहे: कासवांच्या कामात इंटर्नशिप मिळेल का?

नमस्कार मंडळी, धाकट्या बहिणीसाठी विचारतेय. ती पुण्यात एसवाय बीएस्सीला आहे, झूऑलॉजी, आणि कॉलेजला इंटर्नशिपचं सर्टिफिकेट लागतं. एका संस्थेत विचारलं तर नुसते पोस्टर शेअर करायचे आणि वर फी पण भरायची, कसली ती इंटर्नशिप! तिला कोकणात वेळास, आंजर्ल्याकडे ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवांच्या कामात जायचंय, म्हणजे पहाटे किनारा फिरून घरटी शोधायची, अंडी हॅचरीत (किनाऱ्यावरच्या कुंपण घातलेल्या सुरक्षित जागेत) हलवायची, नोंदी ठेवायच्या, कासव महोत्सवाला पर्यटक म्हणून नाही. तर सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था, वनविभाग की कांदळवन प्रतिष्ठान, नक्की कुणाला मेल करायचा? गावातले कासवमित्रच बहुतेक सगळं बघतात, मग बाहेरच्या पोरीला फेब्रुवारीत महिनाभर घेतील का? होमस्टेचा खर्च किती येतो? अनुभव असेल तर सांगा प्लीज, आई अंधारात किनाऱ्यावर म्हटलं की नकोच म्हणतेय.