शब्दचर्चा: 'घाटाचा घाट' म्हणावं की 'घाटाचा आकार'?

कृष्णाकाठ
वाईजवळच्या मेणवलीवरचा इंग्रजी मजकूर एका छोट्या प्रदर्शनासाठी मराठीत करते आहे. नाना फडणवीसांचा वाडा, मागचा कृष्णेवरचा घाट, मेणेश्वराचं देऊळ, वसईहून आलेली पोर्तुगीज घंटा, सगळं सुरळीत झालं. एका वाक्याशी अडलंय. घाटाचा 'फॉर्म' नदीच्या वळणातून आला आहे, अशा अर्थाचं ते वाक्य आहे. मी लिहिलं, "या घाटाचा घाट नदीच्या वळणानेच ठरवला." संपादकांनी दुसरा 'घाट' खोडून 'आकार' केलं. वाचकाला छपाईची चूक वाटेल म्हणे.

मला 'आकार' पटत नाही. चंद्रकोर हा झाला आकार. पण वळणाच्या पोटात पायऱ्या कशा बसवल्या, पाणी चढलं तरी वरच्या टप्प्यावर उभं राहता यावं म्हणून काय केलं, देवळं कुठे घेतली, हे सगळं मिळून जे होतं त्याला मी घाट म्हणते. चुकतंय का?

तांबट_पुणे
अजिबात चुकत नाही. आमच्या तांबट आळीत हा रोजचा शब्द आहे. घागरीचा आकार गोल, एवढं कोणीही सांगेल. घाट म्हणजे पोट कुठून फुगवलं, गळा कुठे आवळला, बूड किती घेतलं. आजोबा भांडं हातात फिरवून फक्त "घाट बसला" किंवा "नाही बसला" म्हणायचे. घाट बसला नसेल तर वरून कितीही सुरेख मठार मारा, भांडं बेंगरूळच दिसतं. (मठार म्हणजे हातोडीच्या ठोक्यांची नक्षी. तिची चकाकी सगळ्यांना दिसते, घाट मात्र फार थोड्यांना.) तांबं किती ताणलं जाईल ते तांबंच सांगतं, आपण ते ऐकायचं. तुमच्या वाक्यातली नदी हेच करते आहे.

धातुपाठ
मुळात हे दोन शब्द नाहीतच. संस्कृत 'घट्' धातू घ्या. त्यातून घडणे, घडवणे, घट, घटना आणि घाट. नदीचा घाट म्हणजे घडवलेला काठ, भांड्याचा घाट म्हणजे घडवलेलं रूप. 'लग्नाचा घाट घातला' म्हणजेही योजून घडवणंच. तेव्हा वाक्य निर्धास्त ठेवा.

बेळगावकर
इतकं सरळ नाही हो. नदीच्या उताराला संस्कृतात 'घट्ट' आहे, आणि तो 'घट्'पासूनच आला असं छातीठोक सांगता येत नाही. आमच्याकडे कन्नडात सह्याद्रीला 'घट्ट' म्हणतात, 'कट्टु' म्हणजे बांधणे आणि 'कट्टे' म्हणजे पार. आपला बसायचा कट्टा त्याच घरचा. नदीचा घाट म्हणजे बांधलेला काठ, असा माझा जुना संशय आहे.

धातुपाठ
उच्चार जुळला म्हणून नातं जुळत नाही.

बेळगावकर
मग तोच नियम 'घट्'लाही लावा.

घाटवाटा
व्युत्पत्ती काहीही असो, डोंगरातला घाट आणि नदीचा घाट मला कधी वेगळे वाटले नाहीत. दोन्ही उतरायच्या जागा. जिथे उतरता येत नव्हतं तिथे माणसाने जमिनीचा कल ओळखून पाऊल ठेवण्यापुरती सोय केली. कोकणातून नाणेघाट चढून बघा. शेवटच्या टप्प्यात दोन्ही बाजूंना कातळ, मधे अरुंद नाळ, पायांखाली घडवलेल्या पायऱ्या. वर सातवाहनांची गुहा, आत नागनिकेचा ब्राह्मी लेख, बाहेर तो जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण. निसर्गाने चीर दिली आणि माणसाने तिला वाट केली. डोंगर कुठे संपतो आणि बांधकाम कुठे सुरू होतं ते तिथे उभं राहून सांगता येत नाही. मला महाराष्ट्रातली ही सगळ्यात देखणी वास्तू वाटते, आणि तिला धड भिंतसुद्धा नाही.

म्हणूनच 'पश्चिम घाट' या शब्दाचा मला राग येतो. आपल्यासाठी डोंगर म्हणजे सह्याद्री. घाट ही त्यातली वाट. आपण 'घाट उतरलो' म्हणतो ते वाटेबद्दल. अख्ख्या रांगेला घाट म्हणणं ही इंग्रजांची सवय, ती आपण भूगोलाच्या पुस्तकात का चालवून घ्यायची?

सातारी
चालवून घ्यायची, कारण चालते आहे. 2012 साली युनेस्कोच्या यादीत कास, कोयना, चांदोली, राधानगरी गेले ते त्याच नावाखाली. माझ्या मुलीला 'पश्चिम घाट' म्हटलं की जंगल, बेडूक, रानफुलं आठवतात. शब्दाला नवा अर्थ फुटला, त्यात वाईट काय? आणि रांग केरळापर्यंत जाते, तिला सगळे सह्याद्री म्हणतील असंही नाही.

घाटवाटा
नवा अर्थ फुटण्याला हरकत नाही. जुना मरतो त्याला आहे. बोरघाट, थळघाट ही नावंसुद्धा आता रेल्वेवाल्यांपुरती उरली.

सातारी
जुना अर्थ कुठे मेला? मुंबईत आम्हाला 'घाटी' म्हणून हिणवतात तेव्हा घाटावरून आलेला हाच अर्थ असतो की. तो मेला असता तर बरं झालं असतं.

ढोल्यागणपती
मूळ प्रश्न वाईचा आहे म्हणून लिहितो. 1762 साली रास्त्यांनी गणपतीचं देऊळ बांधलं ते अगदी पात्रालगत. त्याची मागची भिंत माशासारखी निमुळती केली, म्हणजे पुराचं पाणी धडकण्याऐवजी दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जातं. तिला नुसता आकार म्हणा बरं! कृष्णा चढते तेव्हाच ती भिंत अशी का हे कळतं. ताई, संपादकांना तिथे घेऊन जा.

कृष्णाकाठ
संपादक पुण्यात आहेत आणि फलक परवा छापायला जातोय! 'घडण' चालेल का? 'ठेवण'?

तांबट_पुणे
ठेवण चेहऱ्याची. घडण जवळची आहे, पण तीत घडवणाऱ्याचा हातच जास्त दिसतो, समोरची नदी दिसत नाही. मी 'घाट'च ठेवेन.

धातुपाठ
'आकृतिबंध' हा निर्दोष शब्द आहे.

सातारी
फलकासमोर शाळेची पोरं उभी राहणार आहेत हो, समीक्षक नाही.

धातुपाठ
पोरांना अवघड शब्द भेटूच नयेत का? 'घाट'ही संस्कृतातूनच आलाय.

बेळगावकर
तेच तर अजून ठरायचंय. 'कट्ट्या'चं उत्तर तुम्ही दिलेलं नाही.