घायपाताचा वाख रेझिन धरत नाही, मदत हवी आहे (तातडीचं)

अंबड_शेड
गाडीच्या दरवाजाच्या आतल्या पॅनलचं सँपल सोमवारी द्यायचं आहे. रेझिनमध्ये घायपाताचा वाख, म्हणजे पानाचा धागा, घालून पॅनल ओततोय. वाकवलं की कडकन मोडतं आणि मोडलेल्या कडेतून धागे केसासारखे अख्खे बाहेर लोंबतात. धागा तुटलेला नसतो, सरळ निसटून आलेला असतो, अंगाला रेझिनचा कण नाही. आत बारीक बुडबुडेही आहेत. याच मोल्डमध्ये काचेच्या धाग्याची मॅट घातली तर काही त्रास नाही. काय करू?

सातपूरकर
रेझिन कुठलं? वाख यंत्रावर काढलेला की पाण्यात कुजवून? वाळवला होता का? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

रावेर_केळी
घायपाताच्या मागे लागूच नका. केळीच्या खोडाचा धागा घ्या, मऊ आणि चमकदार असतो. घड उतरवला की आमच्याकडे खोडं बांधावर पडून असतात.

अंबड_शेड
केळी नको, गिऱ्हाइकाने घायपातच मागितलंय. रेझिन साधं पॉलिस्टर, ते घट्ट करायला कोबाल्ट आणि हार्डनर नेहमीच्या मापाने. वाख इगतपुरीकडून आला, यंत्रावर काढलेला आहे. हाताला कोरडाच लागतो.

जुना_मोल्डर
हाताला कोरडा लागणं आणि कोरडा असणं यात फार फरक आहे. पावसाळी हवेत हा वाख वजनाच्या दहा-बारा टक्के पाणी सहज धरून बसतो. पॉलिस्टरला पाणी चालत नाही. ते तापलं की वाफ होते, तेच तुमचे बुडबुडे.

दुसरं म्हणजे काचेच्या मॅटला कारखान्यातच रेझिन धरणारा लेप दिलेला असतो. तुमच्या वाखाच्या अंगावर उलट पानाचं मेण आणि गर आहे. धागा चांगला आहे, जोड कच्चा आहे. धागा न तुटता निसटतोय हाच त्याचा पुरावा.

वाख आधी साध्या पाण्यात खळखळून धुवा. मग ५ टक्के कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात दोन-तीन तास ठेवा. पुन्हा धुवा, शेवटच्या पाण्यात थोडं व्हिनेगर टाका आणि कॉस्टिक उरलं नाही ना, हे लिटमस कागद लावून बघा. नंतर ८० अंशांवर ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत वाळवा आणि गरम असतानाच मोल्डमध्ये घाला. रात्रभर उघडा ठेवलात तर सगळं वाया. कॉस्टिक पाण्यात टाकायचं, पाणी कॉस्टिकवर नाही. हातमोजे आणि चष्मा हवाच.

देवळाली_पंप
दोन-तीन तासांनी काय होतंय? दिवसभर भिजवा, कॉस्टिकही दुप्पट घ्या.

जुना_मोल्डर
असं अजिबात करू नका. कॉस्टिक जास्त झालं की मेणाबरोबर धाग्याचं सेल्युलोजही खायला लागतं. वाख पिवळा पडतो आणि बोटात मोडतो. मग जोड पक्का होईल, पण धाग्यात ताकद उरणार नाही.

देवळाली_पंप
तरी काचेपेक्षा घायपात मजबूत, हे मी ठामपणे सांगतो.

सातपूरकर
नाही हो. घायपाताचा सुटा धागा साधारण ४०० ते ७०० मेगापास्कल ताण सोसतो, काच २००० च्या वर. घायपाताची जमेची बाजू वजनात आहे. घनता १.४५ च्या आसपास, काचेची २.५. आतल्या पॅनलला तेवढी ताकद पुरते आणि वजन वाचतं. छताला किंवा टाकीला मात्र मी वापरणार नाही. आणखी एक, हा धागा २०० अंशांच्या पुढे जळायला लागतो, म्हणून प्रेस करताना तापमान सांभाळा.

नांदगाव_बांध
घायपात लावायचं असेल तर बांधावर मुरमाड जागा बघा, पाणी साठता कामा नये. पहिली पानं तीनेक वर्षांनी मिळतात. मधला दांडा निघून फुलोरा आला की झाड संपलं. पानाच्या वजनाचा फक्त ३ ते ५ टक्के वाख निघतो, म्हणून यंत्र शेताजवळच हवं. पानाच्या रसाने अंगाला भयंकर खाज येते, मजुरांना पूर्ण बाह्यांचे शर्ट द्या.

अंबड_शेड
लागवड करायची नाहीये, दादा. सोमवारचं बोला. सिलेनची (धागा आणि रेझिन जोडणारं रसायन) फवारणी केली तर कॉस्टिक टाळता येईल का?

जुना_मोल्डर
सिलेनने फायदा होतो, पण मेणावर ते बसत नाही. आधी कॉस्टिकने अंग मोकळं करा. आणि आज एवढं करून सांगा: १०० ग्रॅम वाख तोला, ओव्हनमध्ये ठेवा आणि पुन्हा तोला.

अंबड_शेड
तोलला. १०० चे ८७ झाले. हवेत तोच वाख पुन्हा जड होतोय, काट्यावर आकडा डोळ्यांदेखत चढतो. एक पट्टी फक्त वाळवलेल्या वाखाची ओतली, बुडबुडे जवळपास गेले, पण धागे अजून निसटतात. कॉस्टिकची बादली आता भरतोय.

सातपूरकर
फक्त वाळवलेल्या वाखाची आणि कॉस्टिकमधून काढलेल्या वाखाची, अशा दोन्ही पट्ट्या एकाच मापाच्या काढा आणि एकेक तुकडा पाण्यात बुडवून ठेवा. गिऱ्हाईक पहिल्यांदा तेच विचारणार. कापलेल्या कडांना रेझिनचा हात मारायला विसरू नका, उघड्या टोकातूनच पाणी आत शिरतं.