दुःखाला अर्थ असतो, की आपण तो चिकटवतो?

मिरजेचा तंबोरा: गेल्या महिन्यात मावसभावाची माती झाली. वय चौतीस, मागे बायको आणि सव्वा वर्षाची पोर. चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, "देवाची योजना आपल्याला कळत नाही." वहिनींनी मान वर केली नाही. मी ख्रिस्ती मंडळीतच वाढलोय, तरी त्या वाक्याचा राग आला.

माझं मत सांगतो. आपला विश्वास दुःखाचं कारण देतच नाही. बायबलमधल्या दुःखी ईयोबाचे मित्र सात दिवस गप्प बसले तोवर शहाणे होते. तोंड उघडलं आणि चुकले. शेवटी देवाने त्यांनाच झापलं. जन्मांधाबद्दल शिष्यांनी येशूला विचारलं, पाप कुणाचं, याचं की आईबापांचं? येशू म्हणाला, कुणाचंच नाही. आणि मेलेल्या लाजराला उठवणार हे ठाऊक असूनही तो थडग्यापाशी रडला. माझी आशा तिथे आहे.

आयर्विन पूल: २०१९ च्या ऑगस्टात सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, धोक्याची पातळी ४५. आम्ही दोन रात्री गच्चीवर. तेव्हा सोबत रडणारा नको होता, होडीवाला हवा होता.

मिरजेचा तंबोरा: होडीवालाही कुठून तरी येतोच की. मिशनरी डॉ. वॉनलेस परमुलखातून येऊन १८९४ मध्ये मिरजेत दवाखाना काढतात, ते कशाच्या जोरावर?

आयर्विन पूल: असेल त्यांचा जोर. पण कुष्ठरोग बरा केला तो औषधांनी. डॉक्टर व्हायला वधस्तंभ लागत नाही.

साताऱ्याची मंडळी: तंबोरेभाऊ, वचन अर्धंच सांगितलंत. जन्मांधाबद्दल येशू पुढे म्हणतो, देवाची कार्यं त्याच्या ठायी प्रकट व्हावीत म्हणून. म्हणजे हेतू आहेच! पंडिता रमाबाईंची एकुलती लेक मनोरमा १९२१ मध्ये गेली. तरी बाईंनी बायबलच्या भाषांतराचं काम टाकलं नाही. पुढच्या वर्षी त्याही गेल्या. हेतूच नाही म्हटल्यावर माणूस उठेल कशाला? पुनरुत्थान वगळून नुसतं रडणं शिकवू नका.

माळकरी: आमच्या तुकोबांची बायको आणि पोरगा दुष्काळात गेले. दिवाळं निघालं ते बरं झालं, असं ते स्वतः म्हणाले. शेजाऱ्याने येऊन तसं म्हटलं असतं तर? रमाबाईंचंही तेच. ज्याचं जळलं त्याने अर्थ काढावा.

साताऱ्याची मंडळी: हे मान्य. पण मग पाळकाने मातीला बोलायचं काय?

पांढरी साडी: मी कुष्ठरोग्यांच्या वॉर्डात सिस्टर होते. आयर्विनदादा, औषधाने जंतू मरतात हो, पण हाताची गेलेली संवेदना बहुतेकांना परत मिळत नाही. गरम पातेलं उचलतात, फोड आला तरी कळत नाही. घरी ताट वेगळं. एक आजी ड्रेसिंगच्या वेळी भिंतीवरच्या येशूकडे बघून म्हणायच्या, "त्याच्याबी हातात भोकं हायती." त्यांना अर्थ सापडला की त्यांनी चिकटवला, मला कधी ठरवता आलं नाही. पण त्या दिवशी जेवायच्या नीट.

आयर्विन पूल: आजींशी वाद नाही. पाळकांशी आहे. तंबोरे, वहिनींना तुम्ही काय सांगितलंत?

मिरजेचा तंबोरा: काही नाही. रविवारी उपासनेनंतर जातो, पोरीला तासभर फिरवून आणतो. तेवढ्यात त्या झोपतात.