'आन्दाई' म्हणजे गेलो की गेले? इटालियन क्रियारूपं मराठीत आणताना

पानगळ
एका इटालियन लघुकथेचा अनुवाद करते आहे आणि पहिल्याच पानावर अडले आहे. कथा प्रथमपुरुषी आहे. सांगणारी व्यक्ती पुरुष की स्त्री, हे लेखकानं तीन पानं मुद्दाम कळू दिलेलं नाही. तिसऱ्या पानाच्या शेवटी 'सोनो पार्तीता' (मी निघाले) येतं आणि त्यातल्या शेवटच्या 'आ'वरून कळतं की ही बाई आहे. कथेचं सगळं बळ त्या एका स्वरात आहे.

इटालियनला हे सहज जमतं. 'वादो' म्हणजे जातोही आणि जातेही. इंपेर्फेत्तोतलं, म्हणजे सवयीच्या किंवा चालू भूतकाळातलं 'आन्दावो', पास्सातो रेमोतोतलं, म्हणजे घडून संपलेल्या भूतकाळातलं 'आन्दाई', भविष्यातलं 'आन्द्रो', यांपैकी कुठल्याच रूपाला लिंग नाही. पास्सातो प्रॉस्सिमोत, म्हणजे सहायक क्रियापद जोडून होणाऱ्या भूतकाळात, 'एस्सेरे' (असणे) हे सहायक क्रियापद आलं की मात्र कृदंत कर्त्याप्रमाणे बदलतं: आन्दातो, आन्दाता. मराठीत भविष्यातलं 'जाईन' तेवढं सुरक्षित. बाकी 'गेलो' लिहिलं की गुपित फुटलं.

इंपेर्फेत्तोसाठी 'जात असे' घेतलं तर लिंग लपतं. पण 'आन्दाई' (जाणं), 'आर्रिवाई' (पोचणं), 'पार्तीई' (निघणं) या एकेकदा घडलेल्या गोष्टींचं काय करू? जाणकारांनी सुचवावं.

मात्रा
'जात असे'लाच माझा विरोध आहे. 'मी रोज समुद्रावर जात असे' असं आज कोण बोलतं? कथा आजच्या काळातली असेल तर तिच्या तोंडी 'जायचे' हवं. लिंग लपवण्यासाठी तिची भाषा शंभर वर्षं मागं नेली, तर वाचकाला आधी तो जुनाटपणाच जाणवेल.

जुनी वही
'जात असे' जुनं वाटत असेल तर 'जाई' घ्या. मी जाई, मी येई, मी बसे. पुरुषालाही तेच, बाईलाही तेच. फार देखणं रूप आहे आणि त्याचा प्रवासही तसाच आहे. ज्ञानेश्वरीत 'करी' म्हणजे 'करतो', साधा वर्तमानकाळ. पुढे 'करितो'नं ती जागा घेतली आणि 'करी' हळूहळू भूतकाळातल्या सवयीकडे सरकलं. त्यालाच आपण रीतिभूतकाळ म्हणतो. जुना अर्थ म्हणींत राहिला आहे. 'दाम करी काम', 'खाई त्याला खवखवे'. इथे पूर्वी कधी तरी खवखवत असे, असं कुणी समजत नाही.

'जायचो' हे 'जावयाचा'चं बोलण्यातलं रूप. 'मला जायचं आहे'मधलं तेच. इच्छा नाहीतर कर्तव्य दाखवणारं कृदंत सवयीला जुंपणं मला अजूनही खटकतं. गप्पांत चालेल, साहित्यात नको.

तोरिनोकर
जुनी वही, या खटकण्याला इटालियनमध्येच एक चांगला दाखला आहे. लॅटिन 'आमाबाम'पासून आलेलं 'इओ आमावा' हे 'मी प्रेम करत असे'चं व्युत्पत्तीनं शुद्ध रूप. तृतीयपुरुषीही 'आमावा'च. बोलणाऱ्यांनी वर्तमानातल्या 'आमो'च्या चालीवर 'आमावो' केलं. व्याकरणकारांचा कौल बराच काळ 'आमावा'लाच होता. आलेस्सान्द्रो मान्झोनीनं 1827 साली आपली कादंबरी छापली, मग फिरेन्झेला (फ्लॉरेन्सला) जाऊन तिथली बोली कान देऊन ऐकली. 1840 ते 1842 या काळात निघालेल्या सुधारित आवृत्तीत त्यानं 'इओ आवेवा'च्या (माझ्याकडे होतं) जागी 'इओ आवेवो' केलं. आज शाळेत तेच शिकवतात. आज अशुद्ध म्हणून हिणवलेलं उद्या प्रमाण होतं. 'जायचो' त्याच वाटेवर आहे.

पानगळ, एक विचारतो. लेखक कुठला आहे? इथे उत्तर इटलीत, तोरिनोत बोलण्यात पास्सातो रेमोतो जवळजवळ ऐकू येत नाही. सगळं 'सोनो आन्दातो'. माझा एक सहकारी सिसिलीचा आहे, तो मात्र सकाळी घडलेली गोष्टही रेमोतोत सांगतो. लेखक उत्तरेकडचा असेल तर 'आन्दाई' हे त्यानं मुद्दाम निवडलेलं पुस्तकी रूप आहे आणि तुमचं 'जात असे' त्याच्या शेजारी मुळीच जुनाट दिसणार नाही. दक्षिणेकडचा असेल तर ते त्याच्या घरचं बोलणं आहे. मग मात्रा यांचं म्हणणं खरं.

जुनी वही
मान्झोनीचा दाखला इथे लागू पडत नाही. 'आमावो'नं एक घोटाळा मिटवला: 'मी' आणि 'तो' वेगळे झाले. तिथे सर्वनाम गाळायची रीत असल्यानं त्याला मोल आहे. 'जायचो'नं कुठला घोटाळा मिटवला?

मात्रा
मिटवला की! मी जाई, तो जाई, ती जाई, सगळं एकच. मी जायचो, तो जायचा, ती जायची, हे तिन्ही वेगळे. क्रियापदावरूनच माणूस ओळखू येतो.

पानगळ
तोच तर माझा अडथळा आहे. मला ओळखू येऊ द्यायचं नाहीये. लेखिका मिलानोची आहे, त्यामुळे तोरिनोकरांचा मुद्दा कामाचा आहे. आभार. पण 'आन्दाई' अजून तसंच आहे.

औदुंबर
मराठीत लपायला जागा आहे, फक्त क्रियापद सकर्मक हवं. 'मी पत्र लिहिलं' यात लिहिणारा पुरुष की बाई, कळत नाही. इटालियन 'ओ स्क्रित्तो' मध्येही कळत नाही. अकर्मक 'मी गेले' मध्ये कळतं, तिथे 'सोनो आन्दाता' मध्ये कळतं. हा योगायोग नाही. दोन्हीकडे भूतकाळ जुन्या कर्मणी कृदंतातून घडला आहे. संस्कृतात 'मया पत्रं लिखितम्', तेच आजोबांच्या पिढीच्या पत्रांतलं 'म्यां पत्र लिहिलें'. लॅटिनमध्ये 'लिहिलेलं पत्र माझ्यापाशी आहे' अशा रचनेतून 'ओ स्क्रित्तो' आलं. तिथे कर्म सर्वनाम होऊन पुढे आलं की आजही कृदंत कर्माप्रमाणे चालतं: 'ल'ओ लेत्ता', ती वाचली. आपलं 'मी कादंबरी वाचली' अगदी तसंच.

म्हणून 'पार्तीई' म्हणजे 'मी घर सोडलं'. 'आर्रिवाई' म्हणजे 'मी स्टेशन गाठलं'. 'तोर्नाई' म्हणजे 'मी परतीची वाट धरली'. 'म्हणालो' टाळा, ते कर्त्यामागे जातं. 'सांगितलं', 'विचारलं' घ्या. सगळं लपेल.

कृष्णाकाठ
आमच्या कोल्हापुराकडं हा प्रश्नच येत नाही. माझी आई, मावशी, आत्या सगळ्या 'मी येतो', 'मी जातो', 'मी आलो' म्हणतात. मी पुण्यात शिकायला गेलो तेव्हा वसतिगृहातल्या मुलांनी माझ्या बहिणीचा फोन ऐकून चेष्टा केली होती, त्याचा राग अजून आहे. पानगळताई, निवेदिकेला कोल्हापूरची करा. तीन पानं 'गेलो' म्हणू दे, वाचक पुरुष समजेल.

मात्रा
मूळ लेखिका वाचकाला चकवत नाही, ती फक्त सांगत नाही. 'गेलो' लिहिलं तर ते वाचकाशी खोटं बोलणं होईल. शिवाय मिलानोची बाई कोल्हापुरी का बोलेल?

कृष्णाकाठ
आणि ती पुणेरी का बोलेल, हेही सांगा. सदाशिव पेठेतलं 'गेले' ते मराठी आणि आमच्या आईचं 'गेलो' ते खोटं, हे मला मान्य नाही.

पाटी पेन्सिल
चर्चा सारी स्वार्थातच फिरते आहे. स्वार्थ म्हणजे क्रियापदाचा साधा विधानार्थ, इटालियन इन्दिकातीवो. त्यात आठ काळ, पण खरी मजा बाकीच्या अर्थांत आहे. दामल्यांच्या 1911च्या व्याकरणापासून आपण स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ असे चार अर्थ शिकत आलो आहोत. विद्यार्थ्यांना कोन्जुन्तीवो शिकवताना मी विध्यर्थच म्हणते. 'वोल्यो के तू वेन्गा', तू यावंस असं मला वाटतं. 'यावंस'मधला 'स' म्हणजे तूच. कोन्दित्सिओनाले म्हणजे संकेतार्थ: 'वेर्रेई', आलो असतो.

आणि अंदाजाचा भविष्यकाळ पाहा. 'सारान्नो ले ऑत्तो', आठ वाजले असतील. घड्याळ न पाहता भविष्यकाळात वर्तमान सांगायचा, हे दोन्ही भाषांना एकसारखं सुचलं आहे. हे वाक्य मराठी मुलांना समजावावं लागत नाही.

जुनी वही
कोन्जुन्तीवोला विध्यर्थ म्हणणं धोक्याचं. 'से आवेस्सी तेम्पो, वेर्रेई'. यात 'आवेस्सी' हा कोन्जुन्तीवो इंपेर्फेत्तो आहे, आणि मराठीत 'वेळ असता तर आलो असतो'. दोन्ही खंड संकेतार्थ! 'पेन्सो के सीया तार्दी' याचं मराठी 'उशीर झालाय असं वाटतं', तिथे तर चक्क स्वार्थ. एका इटालियन अर्थाला आपले तीन लागतात. नाव तसंच ठेवा, कोन्जुन्तीवो. पोर्तुगीज काळात थॉमस स्टीफन्स या इंग्रज पाद्र्यानं लॅटिनचा साचा कोकणीवर बसवला, ते व्याकरण 1640 साली गोव्यात रायतूरला छापलं गेलं. साचा उलटा फिरवून आपणही तेच करायला नको.

तोरिनोकर
'से आवेस्सी'वरून: 'से'नंतर कोन्दित्सिओनाले लावून 'से आव्रेई' म्हणणाऱ्याला इथे शाळेपासून टोकतात. पण 'से लो सापेवो, वेनिवो' सगळे बोलतात. दोन्हीकडे साधा इंपेर्फेत्तो, 'माहीत असतं तर आलो असतो' या अर्थानं. दोन कठीण रूपांऐवजी एक सोपं, पुन्हा तेच.

पानगळ
औदुंबर, 'घर सोडलं' आणि 'स्टेशन गाठलं' घेतले. फार मदत झाली. पण शंका राहते. 'गाठलं'मध्ये धडपड आहे, 'आर्रिवाई'त नाही. आणि मधल्या पानावर साधं वाक्य आहे, ती एका बारमध्ये जाते आणि कॉफी पिते: 'बेव्वी उन काफ्फे'. इटालियनमध्ये सकर्मक, लिंग लपलेलं. मराठीत मात्र 'मी कॉफी प्यायले'. इथे सकर्मक असूनही क्रियापद कर्त्यामागे गेलं.

औदुंबर
हो, तो एक वेगळा गटच आहे. बोलणे, विसरणे, शिकणे, पिणे, नेसणे. कर्म असूनही कर्तरी. 'मी धडा शिकलो', 'ती साडी नेसली'. 'मी कॉफी घेतली' करा.

वऱ्हाडी ठेचा
कशाला 'घेतली'? 'मी कॉफी पिली' लिहा. आमच्याकडे 'मी चहा पिला' असंच म्हणतात, चहाप्रमाणे क्रियापद. 'खाल्ला' चालतं तर 'पिला' का नाही? तुमचं 'प्यायलो'च नियमाबाहेरचं आहे.

जुनी वही
'पिला' हे अशुद्ध आहे. भूतकाळ 'प्याला' किंवा 'प्यायला'.

वऱ्हाडी ठेचा
अर्धा महाराष्ट्र 'पिला' म्हणतो, जुनी वही. आत्ताच वर मान्झोनीचं वाचलंत ना? खुद्द मूळ वाक्यात क्रियापद कर्त्याचं लिंग सांगत नाही आणि आमच्या वाक्यातही सांगत नाही. मग 'बेव्वी'ला जवळचं कोण, 'प्यायले' की 'पिली'?

कृष्णाकाठ
आमच्यात 'प्यालो'. बाईनंसुद्धा.

मात्रा
'पिली' लिहिलं की वाचक नागपुरात जाईल, मिलानोत नाही. 'कॉफी घेतली' ठीक, पण 'घेतली'नं विकत घेतली की प्याली ते कळत नाही. 'कॉफी संपवली' कसं वाटतं?

वऱ्हाडी ठेचा
संपवली असं मूळात कुठं आहे? अर्धी ठेवून उठली असेल तर?

पानगळ
अर्धी ठेवूनच उठते. पुढच्या ओळीत कप तसाच टेबलावर आहे.