मदत हवी आहे: भावाला वेल्डिंगच शिकायचंय, आप्पा ऐकत नाहीत

नमस्कार मंडळी, माहेर निफाड तालुक्यात, मी नाशिकच्या सिडकोत राहते, घरीच शिवणकाम करते. धाकटा भाऊ यंदा दहावी झाला, 61 टक्के पडले. त्याला सातपूरच्या आयटीआयला वेल्डर ट्रेड घ्यायचाय. आप्पा म्हणतात डिप्लोमा कर नाहीतर सरळ बागेत ये, पाहुण्यांना काय सांगू, पोरगं वेल्डिंग मारतं म्हणून? फॉर्म भरायची वेळ आली तरी दोघं एकमेकांशी बोलत नाहीयेत आणि आई मधल्यामधे.

खरं सांगायचं तर आधी मी पण आप्पांच्याच बाजूने होते. मग दिवाळीला गेले तेव्हा कांदा चाळीचे अँगल वाऱ्याने सुटले होते, याने शेजारच्या काकांचं मशीन आणलं, आधी सगळा गंज ग्राइंडरने घासून काढला आणि मग जोड मारला. थोडं थंड झाल्यावर हातोडीने टिचकी दिली तर वरचा काळा स्लॅग सालासारखा अख्खा निघून आला आणि खाली एकसारख्या बारीक लाटा. मी ब्लाउज शिवते, सरळ टीप कशाला म्हणतात ते मला कळतं, आणि ती टीप सरळ होती.

पण भीतीही वाटते. मे महिन्यात एका फॅब्रिकेशनच्या दुकानात हेल्परला जात होता, तिथं त्याला डोळ्यांपुढे धरायची वेल्डिंगची काळी काचच दिली नाही, रात्री दोन वाजता डोळ्यात वाळू गेल्यासारखा रडत उठला, दोन दिवस डोळे उघडले नाहीत. तर जे या लाइनमध्ये आहेत त्यांनी सांगा, यात पुढे वाढ आहे का, की आयुष्यभर गेट नि ग्रीलच करायचे, आणि डोळे, छाती नीट राहते का?

---

ताई, मी 19 वर्षं अंबड एमआयडीसीत वेल्डर आहे, आधी साधं आर्क म्हणजे रॉडचं वेल्डिंग, आता आर्गन गॅसचं. ग्रीलवरच थांबायचं की नाही ते त्याच्या हातात आहे. आयटीआय एक वर्षाचं, त्यानंतर अप्रेंटिसशिप कंपनीतच कर म्हणावं, दुकानात नको, कारण कंपनीत ड्रॉइंग वाचायला शिकतो, जोडाची तपासणी कशी होते ते बघतो. मग सीओटू गॅसचं वेल्डिंग, मग आर्गन. आपल्याकडे वायनरीच्या, डेअरीच्या, औषध कंपन्यांच्या स्टीलच्या टाक्या नि पाइप असतात, तिथं जोडाच्या आतल्या बाजूला पण आर्गन सोडावा लागतो नाहीतर आतून काळा पडतो, खडबडीत होतो, मग तिथं घाण धरते. हे नीट जमणारा हात चटकन मिळत नाही म्हणून त्याला मान आहे आणि पैसे पण. पाइप 45 अंशात पक्का बांधून चहूबाजूंनी जोड मारायची टेस्ट असते, 6जी म्हणतात, ती पास झाला तर रिफायनरी, बॉयलरची कामं उघडतात, बाहेरदेशी पण जातात पोरं.

डोळ्याचं म्हणाल तर ती अतिनील किरणांची भाजणी, काही तासांनी उठते. काच बरोबर नंबरची पाहिजेच, आणि नुसता बघत उभा असला तरी पाहिजे. दुसरं, जीआय पाइपवरचं जस्त घासल्याशिवाय वेल्डिंग मारू देऊ नका, तो पांढरा धूर छातीत गेला की रात्री थंडीताप भरतो. बंद टाकीत हवा खेळती नसेल तर उतरायचंच नाही, आर्गन दिसत नाही, वास येत नाही, माणूस गुदमरतो. मालक ओरडला तरी नाही म्हणायचं, हे पहिल्या दिवसापासून शिकवा.

---

दादा खूप आभार. जस्ताचं आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं, आमच्या शेडनेटचे सगळे पाइप जीआयच आहेत आणि तो तसेच जोडत होता, आत्ताच फोन करून थांबवलं. एक विचारू का, एखाद्या दिवशी आप्पांना घेऊन तुमच्याकडे आले तर ती आतून आर्गन सोडलेली टाकी त्यांना बघता येईल का? माझं ऐकणार नाहीत, पण जोड बघितला तर त्यांनाही कळेल, चाळ त्यांनी स्वतः उभी केलेली आहे.