नेरूळहून १०० वॅटचा सामुदायिक रेडिओ नेमका कुठपर्यंत ऐकू येईल?

नेरूळ_गच्ची

नमस्कार. नेरूळमधील आमची संस्था सामुदायिक रेडिओ केंद्राच्या परवानगीसाठी अर्ज तयार करत आहे. करावे आणि दिवाळे येथील कोळीवाडे, तुर्भ्याच्या डोंगरउतारावरील वस्त्या आणि शक्य झाल्यास ऐरोलीची खाडीकाठची गावे, इथपर्यंत आमचे कार्यक्रम पोहोचावेत अशी मनापासून इच्छा आहे. भरती-ओहोटीच्या वेळा, पाणी कधी येणार, पावसाळ्यात डोंगरालगत राहणाऱ्यांना द्यायच्या सूचना, हे सारे त्यात असेल. नियमांनुसार ईआरपी, म्हणजे अँटेनातून प्रत्यक्ष बाहेर पडणारी प्रभावी शक्ती, १०० वॅटपर्यंत ठेवता येते आणि अँटेना जमिनीपासून किमान १५ व कमाल ३० मीटर उंचीवर असावा लागतो. यंत्रसामग्री पुरवणाऱ्या एका विक्रेत्याने या मर्यादेत २५ किलोमीटरची खात्री दिली, तर महाविद्यालयीन केंद्र चालवलेल्या एका स्नेह्याने पाचच्या पुढे आशा ठेवू नका असे सांगितले. या दोन आकड्यांत इतके अंतर कसे पडते? नकाशावर वर्तुळ काढायचे, तर त्रिज्या किती धरावी?

लहरी_कोपरी

मी बरीच वर्षे प्रक्षेपण यंत्रणेच्या देखभालीचे काम केले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

विक्रेत्याचा आकडा कुठून आला हे मला ओळखू येते. अँटेनाच्या उंचीचे मीटरमधील वर्गमूळ काढून त्याला ४.१२ ने गुणले की रेडिओ क्षितिजाचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. ३० मीटरसाठी ते सुमारे साडेबावीस येते, आणि माणसाच्या हातातल्या, दीड मीटर उंचीवरच्या रेडिओचे पाच त्यात मिळवले की सत्तावीस होतात. हा हिशेब चुकीचा नाही, परंतु पृथ्वीची वक्रता कुठे आड येते एवढेच तो सांगतो. तिथे पोहोचलेली लहर ऐकण्याइतकी सशक्त आहे का, हा प्रश्न त्यात येतच नाही.

त्यासाठी क्षेत्रतीव्रता, म्हणजे त्या ठिकाणी लहर किती सशक्त आहे ते, पाहावे लागते. मोठ्या शहरात स्टिरिओ, म्हणजे डावा-उजवा आवाज वेगळा असलेले, प्रक्षेपण स्वच्छ ऐकू येण्यासाठी १० मीटर उंचीवर दर मीटरला सुमारे ५ मिलिव्होल्ट तीव्रता असावी, असा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचा निकष आहे. मोनोसाठी, म्हणजे एकाच आवाजाच्या प्रक्षेपणासाठी, सुमारे ३ पुरतात, आणि विद्युत गोंगाट कमी असलेल्या ग्रामीण भागात तर स्टिरिओलाही अर्ध्या मिलिव्होल्टवर भागते. सपाट जमीन, १०० वॅट ईआरपी आणि ३० मीटर उंची धरून, थेट लहर व जमिनीवरून परावर्तित झालेली लहर यांची बेरीज केली, तर ५ मिलिव्होल्ट साधारण चार किलोमीटरवर, ३ मिलिव्होल्ट पाच किलोमीटरवर आणि अर्धा मिलिव्होल्ट बारा-साडेबारा किलोमीटरवर मिळतो. तेव्हा तुमच्या स्नेह्यांनी शहरापुरते योग्यच सांगितले. इमारतींची आडकाठी या गणितात धरलेली नाही, हेही ध्यानात असू द्या.

याच गणितातून निघणारी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. अशा परिस्थितीत तीव्रता अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. त्यामुळे शक्ती दुप्पट केली तरी पल्ला जेमतेम १९ टक्क्यांनी वाढतो, पण अँटेनाची उंची दुप्पट केली तर तो ४१ टक्क्यांनी वाढतो. विशेष गरज सिद्ध केल्यास २५० वॅटपर्यंत ईआरपीचा विचार होऊ शकतो, तरीही तुमचे पाच किलोमीटर सव्वासहाच्या आसपासच जातील. उलट अँटेना १५ मीटरवरच बसवला, तर ते साडेतीनवर येतील. वॅटसाठी पत्रव्यवहार करण्याआधी उंची पूर्ण पदरात पाडून घ्या.

आणि कृपया वर्तुळ काढू नका. तुमच्या पूर्वेला पारसिकचा डोंगर आहे. कंपासने सहा किलोमीटरची त्रिज्या घेतली तर खारघरचा बराच भाग आत येईल, पण डोंगराच्या सावलीत तिथे आवाज मिळेलच असे नाही. सुमारे तीन मीटर लांबीच्या या लहरी डोंगराच्या कडेवरून थोड्या वाकतात, पण एवढ्या कमी शक्तीत त्या वाकण्यावर केंद्र चालवता येत नाही. पश्चिमेला खाडीचे उघडे पाणी असल्याने मानखुर्दच्या किनाऱ्यावर, नऊ किलोमीटर दूर असूनही, तुम्ही ऐकू याल अशी शक्यता आहे.

खारघर_श्रोता

वरील उत्तराला श्रोत्याच्या बाजूने थोडी जोड देते. माझा जुना ट्रान्झिस्टर पश्चिमेकडील खिडकीत, तुळशीच्या कुंडीशेजारी ठेवला की मुंबईची दूरची केंद्रे स्पष्ट लागतात. तोच स्वयंपाकघरात ओट्यावर आणला की खरखर सुरू होते, आणि ओट्यावरचा स्वस्तातला एलईडी दिवा लावला की निवेदकाचे शब्दही कळेनासे होतात. केंद्र तेच, शक्ती तीच, अंतर चार पावलांचे. तुमच्या वस्त्यांमधली घरे बैठी आणि पत्र्याची असतील, तर नकाशावरच्या पल्ल्यातून घराच्या आतला पल्ला वेगळा काढावा लागेल.

मोबाइलवर एफएम ऐकणाऱ्यांसाठी इअरफोनची वायर हाच अँटेना असतो. ९० मेगाहर्ट्झच्या आसपास पाव तरंगलांबी सुमारे ८३ सेंटिमीटर होते, म्हणून वायर गुंडाळून न ठेवता मोकळी सोडावी, हे कार्यक्रमातून पुन्हा पुन्हा सांगा. तुमचे कार्यक्रम मुख्यतः बोलण्याचे असतील तर स्टिरिओ बंदच ठेवा. कमकुवत सिग्नलवर मोनोमध्ये खरखर पुष्कळ कमी होते, आणि भरतीची वेळ ऐकणाऱ्या माणसाला डावा-उजवा आवाज कशाला हवा?

तांब्याची_तार

केबलचा विषय कोणी काढला नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. ट्रान्समीटर तळमजल्यावर आणि अँटेना गच्चीवर ठेवून मध्ये तीस मीटर आरजी-५८ जातीची बारीक केबल टाकली, तर सुमारे ५ डेसिबल शक्ती वाटेतच उष्णता होऊन जाते, म्हणजे ५० वॅटमधले अँटेनापर्यंत सोळाच पोहोचतात. वरच्या हिशेबाने तुमचे पाच किलोमीटर पावणेचारावर आले. अर्ध्या इंचाची जाड केबल घ्या किंवा ट्रान्समीटरच वरच्या मजल्यावर नेऊन ठेवा. जोडांवर पाणी जाऊ देऊ नका. पावसाने या लहरींचे विशेष नुकसान होत नाही. नुकसान होते ते जोडात पाणी शिरल्याने.

नेरूळ_गच्ची

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल संध्याकाळी दुर्बीण घेऊन गच्चीवर गेलो. करावे आणि खाडीचा पट्टा मोकळा दिसतो. दिवाळ्याच्या दिशेला दोन उंच इमारती आहेत, पण त्यांच्यामधून किनारा दिसतो. तुर्भ्याच्या उतारावरील वस्त्यांपैकी जवळची ओळ दिसते, मागची मात्र टेकडीच्या सोंडेआड पूर्ण लपली आहे, आणि आम्हाला सर्वांत जास्त काळजी त्याच घरांची आहे. ऐरोली चौदा किलोमीटरवर असल्याने तिचे नाव अर्जातून काढत आहोत. तुर्भ्याजवळ अँटेनासाठी एखादी इमारत मिळाली तर मागची ओळ समोर येईल, पण दिवाळे दूर जाईल. दोन्ही जागांवरून काय दिसते त्याची नोंद वस्तीगणिक करून ती येथे मांडतो. रविवारी तुर्भ्याच्या दोन गच्च्या पाहायला जाणार आहोत.

लहरी_कोपरी

त्या गच्च्यांवर जाण्याआधी मागच्या ओळीतल्या एखाद्या घराच्या दारात उभे राहा आणि तिथून कोणती इमारत दिसते ते लिहून घ्या. त्याच इमारतीच्या गच्चीची परवानगी मागा.