हँगरमध्ये विमान टो करताना (ओढून नेताना) विंग वॉकरने (पंखाबरोबर चालणाऱ्याने) नेमकं बघायचं काय? ओजेटीला लागलोय

कोथरूडचा_एएमई
नमस्कार मंडळी, पुण्यातच एएमई (विमान दुरुस्तीचा कोर्स) केलं, आता ओजेटीसाठी (कामावरचं प्रशिक्षण) बाहेरगावी एका एमआरओत, म्हणजे विमान दुरुस्तीच्या कंपनीत आहे (नाव नको). ए३२० येतात जास्त करून, मधूनमधून एटीआर (लहान, पंख्याची विमानं). आल्या आल्या माझ्या हातात एक शिट्टी आणि दोन वँड (इशारे करायच्या कांड्या) दिल्या आणि म्हणाले डाव्या पंखाला चाल, बास. मॉड्यूल ७ मध्ये टोइंगचं पान होतं खरं, परीक्षेपुरतं पाठ केलेलं, पण प्रत्यक्षात विमान हँगरच्या दारातून आत जाताना मी पंखाकडे बघू की खाली ट्रॉल्या-शिड्यांकडे बघू की टग (विमान ओढणारी गाडी) ड्रायव्हरकडे, काहीच कळत नाही. शिवाय एक सिनियर म्हणाले "उगाच शिट्ट्या मारत बसू नको, दर वेळी थांबायला लागलं तर शिफ्ट संपेल". मग वाजवायची कधी? वाजवली आणि काहीच नसलं तर सगळे माझ्याकडे बघणार. ज्यांनी हे काम केलंय त्यांनी जरा सविस्तर सांगा, पुस्तकी नको.

हँगर_लीड_नागपूर
मी मूळचा सातारा रोडचा, सध्या नागपुरात. आधी डोक्यात हे घे की तुझं काम विमानाबरोबर चालणं नाहीये, तुझं काम थांबवणं आहे, चालणं त्याच्यासाठी.

बघायचं कुठे, तर पंखाचं टोक आत्ता जिथे आहे तिथे नाही, ते पुढच्या आठ-दहा पावलांत जिथे येणार तिथे. पंख मागे वळलेले असल्यामुळे टोक मेन गिअरच्याही (पंखाखालच्या मुख्य चाकांच्याही) मागे असतं, त्यामुळे नोज (विमानाचं नाक) वळवला की बाहेरच्या बाजूचं टोक सरळ रेषेत न येता बाहेर फेकलं जातं आणि मगाशी मोकळी वाटलेली जागा गायब होते. दारातून आत घेताना ऐन वेळी नोज थोडा जरी वळवला तरी हेच होतं. म्हणून शक्यतो बाहेर एप्रनवरच (हँगरसमोरच्या मोकळ्या जागेत) विमान सेंटरलाइनला सरळ करून घेतात आणि मग आत ओढतात. तुमच्याकडे दारात वळवत असतील तर तिथे डोळ्यात तेल घालून राहा.

दुसरं, लांबून तिरकं बघून अंतर कळत नाही. शार्कलेटवालं (पंखाच्या टोकाला वर वळलेला भाग असलेलं) ए३२० ३५.८ मीटर रुंद, आणि शार्कलेट स्वतः २.४ मीटर उंच, म्हणजे खालून शिडी सुटली तरी वर डॉकिंगचा (कामाच्या मचाणाचा) कठडा, क्रेनचा हुक, लटकणारी होज असं काहीतरी लागू शकतं. टोकाच्या जरा बाहेर राहून मान वर करून बघ. पायाखालचं तू टो सुरू व्हायच्या *आधी* बघून ठेवायचं. आधी एक चक्कर मार, दारं पूर्ण उघडून लॉक आहेत का, स्टँड मागे ओढलेत का, जमिनीवर तेल-पाणी आहे का. ती चक्कर मारली की चालताना मान खाली घालावी लागत नाही.

आणि ड्रायव्हर किंवा पुढे चालणारा लीड यांच्यापैकी एकाला तरी तू सतत दिसला पाहिजेस. तू दिसेनासा झालास की त्यांनी थांबायचं, नियमच आहे तो. उलटही तसंच, तुला ते दिसेनात तर तू थांबव.

लोहगावकर_काका
हवाई दलातून रिटायर होऊन आता धानोरीत असतो. वरच्यांनी छान सांगितलंय, शिट्टीचा विषय राहिला तो मी सांगतो.

बाळा, टो सुरू व्हायच्या आधी दोन मिनिटं सगळे गोळा होतात का तुमच्याकडे? नसतील होत तर तू विचार, "एक शिट्टी म्हणजे काय?" हसतील, हसू देत. स्वारगेटला एसटी रिव्हर्स घेताना कंडक्टर टुर्र टुर्र वाजवत असतो म्हणजे येऊ दे, येऊ दे, आणि लांब शिट्टी म्हणजे थांब. आपल्याकडच्या नव्या हेल्पर पोराच्या कानात तीच सवय बसलेली असते. टोइंगमध्ये शिट्टी म्हणजे थांबच. एकाने "येऊ दे" म्हणून वाजवली आणि दुसऱ्या वेळी दुसऱ्याने "थांब" म्हणून वाजवली की ड्रायव्हर बिचारा काय करणार, तो दोन्हीकडे दुर्लक्ष करायला शिकतो, आणि मग एक दिवस पंख दारात.

शिवाय शेजारच्या बेला (दुसऱ्या विमानाच्या जागेला) रिव्हेट गन चालू असेल, कानाला मफ असतील, तर शिट्टी ऐकूच जात नाही. म्हणून शिट्टीबरोबर हात पण. दोन्ही वँड डोक्यावर क्रॉस. अर्धवट हात नाही, लग्नात कोणाला बोलावतोय असा नाही.

तुझ्या सिनियरचं म्हणशील तर शंका आली की वाजव. काही नसलं तर अर्धं मिनिट गेलं. शार्कलेट घासलं तर इन्स्पेक्शन, रिपोर्ट, विमान जागेवर उभं, आणि त्या दिवशी हेच सिनियर विचारणार की शिट्टी का नाही मारलीस.

टगवाला_७३७
काका १००% बरोबर. मी टग चालवतो, मला विंग वॉकरने दहा वेळा थांबवलं तर राग येत नाही, राग येतो तो मोबाईलवाल्यांचा.

टोबारचं (टग आणि नोज व्हील जोडणारा दांडा) कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. टोबारला शिअर पिना असतात, जोर जास्त झाला तर नोज गिअर (पुढच्या चाकाचा सांगाडा) वाचावा म्हणून त्या तुटतात. तुटली की विमान मोकळं सुटतं! त्या वेळी कॉकपिटमधल्या ब्रेकमननेच (टोच्या वेळी ब्रेकवर बसलेल्याने) थांबवायचं, ते पण हळूच. पळत जाऊन चालत्या चाकाखाली चोक (अडवायचा ठोकळा) टाकायचा नाही. हात-पाय जातात. तू फक्त बाजूला हो आणि लोकांना बाजूला कर. टोबारच्या आसपास, टग आणि नोज व्हीलच्या मध्ये कोणीही चालायचं नाही, टोबार ओलांडून उडी तर अजिबात नाही, चहाची वेळ झाली तरी.

अजून एक, टोबार लावायच्या आधी स्टिअरिंगची बायपास पिन (पुढच्या चाकाचं हायड्रॉलिक स्टिअरिंग बंद ठेवणारी) लागली आहे का ते बघतात, नाहीतर हायड्रॉलिक प्रेशर आलं की नोज व्हील टोबारसकट फिरतं आणि जवळ कोणी असेल तर संपलं. नोज व्हील वळवायची पण लिमिट असते, ए३२० ला ९५ अंश, ७३७ ला ७८, लाल खूण असते ती ओलांडली की ड्रायव्हरने गप्प बसायचं नाही, सांगायचं, मग गिअरची तपासणी होते.

प्रॅक्टिकल_माणूस
हे सगळं ऐकायला बरं आहे हो, पण रात्रपाळीला माणसं असतात का? दोन जणांत टो होतात सर्रास, टेल वॉकर (शेपटीकडे चालणारा) तर मी बघितलेलाच नाही. स्पीड कमी ठेवला की काही होत नाही.

हँगर_लीड_नागपूर
@प्रॅक्टिकल_माणूस स्पीड कमी ठेवायचाच, विंग वॉकरला पळावं लागलं म्हणजे जास्त झाला. पण हळू गेलं म्हणून न दिसणारी वस्तू दिसायला लागत नाही. चाळीस टनांच्या वर वजन चालण्याच्या वेगाने आलं तरी लोखंडी डॉक वाकवतं आणि आपला रडर (शेपटीवरचं सुकाणू) पण. ए३२० ची शेपटी ११.७६ मीटर उंच, ती पुढे बसलेल्या ड्रायव्हरला दिसत नाही, पंखाकडच्यालाही नीट दिसत नाही. माणसं नसतील तर टो थांबवायचा, लॉगला लिहायचं "मॅनपॉवर नाही". सकाळी ओरडा खाऊ. मॉड्यूल ९ (ह्यूमन फॅक्टर्स) मध्ये प्रेशर आणि न बोलणं हे दोन्ही शिकवतात ना, ते याच्यासाठीच.

ग्लायडर_ते_सेसना
हडपसरला ग्लायडर ढकलत मोठा झालो, आता फ्लाइंग क्लबला असतो, म्हणून लहान विमानांचं लिहितो, इथे कोणी वाचत असेल तर कामाला येईल. सेसना १७२ ला टोबार हाताने लावतो, नोज व्हील दोन्हीकडे ३० अंशांच्या पुढे नेऊ नका. प्रोपेलरला धरून ओढू नका, मॅग्नेटोचा (इंजिनला ठिणगी देणाऱ्या यंत्राचा) भरवसा नसतो, प्रोपेलर कायम जिवंत समजायचा. आणि ओढून झालं की टोबार *हातात घेऊनच* बाजूला व्हा, चाकाला लावून ठेवून "येतोच" म्हणणारे लोक असतात, मग कोणीतरी येऊन इंजिन चालू करतं.
पावसाळ्यात हँगरची लादी ओली असते, बुटाचा सोल बघून घ्या, ढकलताना माणूसच घसरून चाकापुढे येतो.

कोथरूडचा_एएमई
सगळ्यांचे आभार, काका तुमचं शिट्टीचं पटलं, आज टोच्या आधी विचारलं, दोन जणांची दोन उत्तरं आली 😅 मग लीडनेच सगळ्यांना उभं करून ठरवलं. एक शेवटचं. काल म्हणाले, ब्रेकला माणूस नाही, तू वर जाऊन बस, फक्त पेडल दाबायचं आहे. बसू का?

टगवाला_७३७
नाही. ऑथोरायझेशन (त्या कामाची लेखी परवानगी) असल्याशिवाय नाही. हँगर टोला इंजिन बंद असतात, म्हणजे ब्रेकला जे काही आहे ते अॅक्युम्युलेटरमध्ये (हायड्रॉलिक प्रेशर साठवणाऱ्या टाकीत) साठलेलं प्रेशर. ते टो सुरू व्हायच्या आधी गेजवर बघायचं, कमी असेल तर ए३२० ला यलो (हायड्रॉलिक सिस्टिमचा) इलेक्ट्रिक पंप लावून भरायचं, पंप लावायच्या आधी खाली सगळे क्लिअर आहेत का ते हेडसेटवर विचारायचं, आणि पेडल उगाच पंप करत बसलं तर ते प्रेशर संपतं. हे सगळं तुला दाखवून, तुझ्याकडून करून घेऊन, सही झाल्यावर बस. तोपर्यंत सांग "सर, माझं ऑथोरायझेशन नाहीये". एवढं एक वाक्य.

लोहगावकर_काका
आणि नंतर चोक लागल्याशिवाय, पार्किंग ब्रेक लागल्याशिवाय टोबार सोडू देऊ नकोस. बऱ्याच हँगरच्या फरशीला पाणी वाहून जायला दाराकडे किंचित उतार असतो, डोळ्याला दिसत नाही पण विमानाला कळतो.